मालवणात जेवायला बसताना : वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी संपली की या सदराकडे कोकणातल्या जेवणाविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांत मालवणातल्या हॉटेलांचा आणि खानावळींचा विषय सर्वाधिक आहे, आणि कौतुकापेक्षा तक्रारीच जास्त आहेत. माझे माहेर मालवणचे असल्यामुळे काही तक्रारी वाचताना मला राग आला आणि काही वाचताना मान खाली घालावी लागली. निवडक सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही सहा जण मालवणला गेलो होतो. किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात चार सुरमई थाळ्या, दोन कोळंबी थाळ्या आणि एक तळलेले पापलेट मागवले. मेनूकार्डावर पापलेटासमोर दर छापलेला नव्हता, केवळ ‘साइजप्रमाणे’ असे लिहिले होते. बिलात त्या एका पापलेटाचे ९५० रुपये लावले आणि शिवाय दहा टक्के सेवाशुल्कही जोडले. सुरमईची तुकडी तर इतकी पातळ होती की रव्याखाली मासा शोधावा लागला. आमची फसवणूक झाली असे समजावे काय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचे उत्तर सारखे नाही.

‘साइजप्रमाणे’ ही पाटी स्वतःहून अप्रामाणिक नाही. मासळीचा भाव बंदरावरच्या लिलावात रोज नव्याने ठरतो आणि पापलेटाच्या बाबतीत तो वजनाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. मोठ्या पापलेटाचा किलोचा भावच लहान पापलेटाच्या किलोच्या भावापेक्षा पुष्कळ चढा असतो, त्यामुळे दुप्पट वजनाच्या माशाला दुपटीहून जास्त पैसे पडतात. असा भाव छापील कार्डावर वर्षभर टिकू शकत नाही, हे हॉटेलवाल्याचे म्हणणे खरे आहे. मात्र ज्या माशाचा दर छापलेला नाही तो मासा कच्चा असताना गिऱ्हाइकाला दाखवावा, त्याची किंमत सांगावी आणि होकार मिळाल्यावरच तो तव्यावर टाकावा, ही रीत आहे. चांगल्या हॉटेलात वाढपी स्वतःहून थाळ्यात मासे मांडून टेबलापाशी आणतो. आपल्याकडे तो आणला गेला नाही, ही त्यांची चूक झाली. आपणही विचारले नाही. मंडईत पाच रुपयांसाठी दहा मिनिटे घालवणारे आपण सगळे, चार माणसांसमोर टेबलावर बसलो की भाव विचारायला लाजतो, आणि त्या लाजेची किंमत बिलात निघते.

सुरमईचे गणित याच्या उलट आहे. थाळीचा दर छापलेला असतो आणि मासळीचा भाव मात्र रोज हलतो. मे महिन्यात गर्दी सर्वांत जास्त असते, मासेमारीचा हंगाम संपत आलेला असतो आणि बाहेरून आलेल्या दहांपैकी नऊ जणांना सुरमई किंवा पापलेटच हवे असते. दर बदलता येत नाही तेव्हा सुरी सरकते आणि तुकडी पातळ होते. यावर माझा साधा उपाय असा की मेनूकार्ड उघडण्याआधी ‘आज काय मासळी गावली?’ असे विचारावे. त्या दिवशी सौंदाळे, मुडदुशे, तारले किंवा बांगडे आले असतील तर त्यांची थाळी मागावी. बांगडा ताटात अख्खा येतो, त्याला पातळ करता येत नाही. काट्यांची सवय नसल्यामुळे आपण सुरमईकडे वळता, हे मला मान्य आहे, परंतु ताजा बांगडा सोडून बर्फातली सुरमई खाण्यासाठी सोलापूरहून मालवणपर्यंत येण्याची गरज नव्हती, एवढे स्पष्टपणे लिहिते.

आता सेवाशुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोणतेही हॉटेल बिलात सेवाशुल्क आपोआप जोडू शकत नाही. ते देणे पूर्णपणे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे. हॉटेलचालकांच्या संघटनांनी या तत्त्वांना न्यायालयात आव्हान दिले होते, परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. आपण ते काढून टाकण्यास सांगू शकत होता, आणि नकार मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकत होता. जीएसटीची गोष्ट निराळी आहे, कारण तो कर आहे. मात्र जे लहान व्यावसायिक कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांसाठीच्या सोप्या करयोजनेत) नोंदलेले असतात त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही आणि तसे त्यांनी बिलावर लिहायचे असते. बिल हातात आले की एकूण आकड्याच्या आधी या दोन ओळी पाहाव्यात.

प्रश्न : मुलांच्या शाळेमुळे आम्हाला जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच जोडून सुट्टी मिळते आहे. पावसाळ्यात मालवणात ताजी मासळी मिळते का? हॉटेलवाल्याला फोन केला असता ‘सगळे मिळेल’ असे सांगण्यात आले. – एक वाचक, पुणे

उत्तर : ‘सगळे मिळेल’ हे उत्तर जुलै महिन्यात ऐकले की सावध व्हावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. बिगरयांत्रिक, पारंपरिक होड्यांना बंदीतून सूट असली तरी त्या होड्या पावसाळी समुद्रात फार दूर जाऊ शकत नाहीत, आणि त्यांना जे मिळते त्यावर पर्यटकांच्या शेकडो थाळ्या निघत नाहीत.

मग जुलैमध्ये ताटात जी सुरमई येते ती कुठून येते? एक तर ती मे महिन्यात पकडून शीतगृहात ठेवलेली असते, किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून बर्फात घालून आणलेली असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, म्हणजे आपला समुद्र बंद असताना तिकडचा खुला झालेला असतो. नीट गोठवलेला मासा खाण्यास अयोग्य ठरत नाही, त्यामुळे त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तो ‘आजचा’ म्हणून आणि आजच्या भावाने विकला जात असेल तर मात्र आक्षेप घ्यावा. कोळंबीचे म्हणाल तर ती संवर्धन तळ्यांतून येते. व्हॅनामी जातीच्या कोळंबीच्या संवर्धनाला भारतात २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आता ही कोळंबी देशभर उपलब्ध असते. चव समुद्रातल्या कोळंबीची नाही, पण मुलांना ती आवडते.

आपण जुलैमध्येच येणार असाल तर पावसाळ्याचे जेवण मागा. खाडीतले मासे, तिसऱ्या (शिंपल्या), कुर्ल्या (खेकडे) यांची चौकशी करा. त्याहून चांगले म्हणजे सुक्या मासळीचे ताट मागा, कारण कोकणातल्या घरांत या दोन महिन्यांत तेच शिजत असते. निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, सुक्या जवळ्याची कांदा घालून केलेली चटणी, सोड्यांचे (सुकवलेल्या कोळंबीचे) कालवण आणि उकड्या तांदळाची पेज हे खरे आषाढातले जेवण आहे. मोठ्या हॉटेलांच्या कार्डावर ते बहुधा सापडणार नाही, घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागेल. खानावळ चालवणाऱ्या काकींना ‘तुमच्याकडे आज घरी काय केले आहे?’ असे विचारले तर त्या आधी संकोचतात आणि मग ताटभर वाढतात, असा माझा अनुभव आहे.

सुट्टी पुढे ढकलता आली तर मात्र ऑगस्टचा विचार करावा. बंदी उठलेली असते, नारळी पौर्णिमेच्या सुमाराला समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात उतरू लागतात, आणि त्याच वेळी श्रावण चालू असल्यामुळे गावातली आणि घाटावरची निम्मी माणसे मासे खात नाहीत. श्रावण न पाळणाऱ्याला याहून चांगली संधी वर्षात दुसरी मिळत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यात नेणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, हे मात्र मुलांना आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : आम्ही विदर्भातले, रोहू आणि कतला ओळखणारे. समुद्रातला मासा ताटात शिजून आल्यावर तो ताजा आहे की शिळा, आणि जो सांगितला तोच आहे की दुसरा, हे कसे ओळखावे? आणखी एक. बांगड्याच्या आमटीत काळसर, मिऱ्यापेक्षा मोठी फळे होती. त्यातले एक चावल्यावर माझी जीभ बधिर झाली. ते काय होते? – एक वाचक, नागपूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आपल्या जिभेची मला काळजी वाटली. ते तिरफळ होते. बांगडा, तारले, पेडवे अशा तेलकट माशांच्या उग्र वासावर तिरफळाचा उतारा आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. ते ठेचून आमटीत टाकतात, त्याचा वास आणि चव उतरली की त्याचे काम संपते. ते चावायचे नसते, ताटाच्या कडेला काढून ठेवायचे असते. जीभ काही मिनिटांत पूर्ववत होते. पाहुण्याला हे वाढताना सांगायला हवे होते, आणि ते राहून गेल्याबद्दल मालवणकरांच्या वतीने मी दिलगिरी व्यक्त करते.

कच्च्या माशाची परीक्षा सोपी आहे. डोळे फुगीर आणि स्वच्छ असावेत, कल्ले उघडून पाहिल्यास लाल दिसावेत, बोटाने दाबलेला भाग लगेच वर यावा आणि वास समुद्राच्या पाण्याचा यावा. शिजवल्यावर या चारही खुणा नाहीशा होतात, म्हणून कच्चा मासा पाहण्याचा आग्रह मी वर धरला. तरीही काही गोष्टी ताटात कळतात. ताज्या माशाचे मांस काट्यापासून मोठ्या, ओलसर पाकळ्यांनी सुटते आणि त्याला किंचित गोडी असते. शिळ्याचे मांस पिठूळ लागते किंवा लगद्यासारखे होते. तळलेल्या तुकडीत तिखट आणि रवा पुष्कळ झाकून नेतात, आमटीत तेवढे झाकता येत नाही. म्हणून अनोळखी हॉटेलात मी आधी एक वाटी आमटी मागवते आणि मग तळलेल्याकडे वळते. यात एक अपवाद लक्षात ठेवावा. मोरी, म्हणजे शार्क, हिच्या मांसात मुळातच युरिया असतो आणि त्यापासून अमोनियाचा वास तयार होतो. मुरलेला खवय्या मोरीच्या सौम्य वासाला घाबरत नाही, पण तसाच वास सुरमईला आला तर ताट परत करावे.

ओळखीबद्दल एवढेच सांगते की सुरमईची तुकडी आडवी कापलेली, गोलसर असते, मधोमध एक जाड मणका असतो, बारीक काटे जवळजवळ नसतात आणि साल पातळ, खवल्यांचा त्रास न देणारी असते. मांस गडद तांबूस-तपकिरी दिसले तर तो बहुधा कुपा, म्हणजे ट्यूना, असतो. हलव्याला ‘काळे पापलेट’ म्हणून खपवतात, पण ते दोन मासे वेगळ्या कुळांतले आहेत. हलवा चवीला उत्तमच असतो, त्याचे पैसे मात्र पापलेटाचे देऊ नयेत. कार्डावर माशाचे नाव न देता नुसते ‘बोनलेस फिश’ लिहिले असेल तर तो पुष्कळदा तळ्यात वाढवलेला बासा असतो. त्याचा समुद्राशी काही संबंध नाही, आणि रोहू-कतला खाणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

प्रश्न : एका हॉटेलात बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या तासात माझ्या पतीचा चेहरा आणि मान लालबुंद झाली, डोके दुखू लागले आणि छातीत धडधड झाली. आजवर त्यांना माशांची ॲलर्जी कधीच नव्हती. हॉटेलचे मालक म्हणाले, ‘मासा नीट शिजला होता, त्यामुळे आमचा दोष नाही.’ – एक वाचक, ठाणे

उत्तर : निदान डॉक्टरांनीच करायचे असते, परंतु आपण लिहिलेली लक्षणे हिस्टामिनच्या विषबाधेशी जुळतात, आणि मालकांचा युक्तिवाद या बाबतीत टिकत नाही. बांगडा, कुपा, तारले, सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पकडल्यानंतर वेळेवर थंड केला नाही तर त्यावर वाढणारे जिवाणू हिस्टिडिनचे हिस्टामिन करतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन तळल्याने, उकळल्याने किंवा पुन्हा गोठवल्याने नष्ट होत नाही, त्यामुळे मासा कितीही नीट शिजवला तरी उपयोग नसतो. चूक तव्यावर होत नाही, ती होडी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या तासांत, बर्फाच्या टोपलीत होते. खाताना कधीकधी मिरीसारखा चरचरीत स्वाद जाणवतो, तर कधी काहीच कळत नाही.

जुने लोक याला ‘मासा बाधला’ म्हणत आणि पुन्हा तो मासा वर्ज्य करत. खऱ्या ॲलर्जीत तो मासा दर वेळी त्रास देतो, या विषबाधेत केवळ तो विशिष्ट, खराब ठेवलेला मासा त्रास देतो. त्यामुळे तपासणी न करता आयुष्यभराचा बांगडा सोडू नये, आणि ॲलर्जी नाहीच असे गृहीत धरून लगेच पुन्हा खाऊही नये. डॉक्टरांना कोणता मासा, किती वाजता खाल्ला हे सांगावे. श्वास लागला किंवा चक्कर आली तर सल्ल्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तक्रार करायची असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. हॉटेलच्या बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापलेला असणे आवश्यक आहे, तो तक्रारीत लिहावा. म्हणूनच बिल टेबलावर सोडून येऊ नये.

प्रश्न : सासूबाई शाकाहारी आहेत आणि आम्ही सगळे मासे खाणारे. मालवणात त्यांनी काय खावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पनीर सोडून काहीही. काळ्या वाटाण्यांचे सांबार आणि आंबोळ्या किंवा वडे, मार्च ते मे या काळात ओल्या काजूगरांची उसळ, आणि गोडात नारळाच्या रसातल्या खापरोळ्या मिळाल्या तर त्यांचे जेवण आपल्यापेक्षा सरस होईल. प्रश्न पदार्थांचा नसून तव्याचा आणि तळणीच्या तेलाचा असतो. अनेक ठिकाणी एकाच कढईत मासे आणि वडे तळतात. सासूबाई याबाबत काटेकोर असतील तर आत जाण्यापूर्वी हे विचारून घ्यावे, किंवा त्यांच्यासाठी शुद्ध शाकाहारी खानावळ निवडावी आणि एक वेळ सर्वांनी तिथेच जेवावे. सोलकढी त्यांना निश्चिंतपणे देता येईल, कारण तिच्यात नारळाचा रस, कोकमाचे आगळ, लसूण, मिरची आणि मीठ यांपलीकडे काही नसते. लसूण चालत नसल्यास तेवढे आधी सांगावे.

प्रश्न : अमावास्येला कुर्ल्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेला पोकळ, हे खरे आहे का? आमची सहल नेमकी पौर्णिमेला आहे. शिवाय हॉटेलात सर्वांदेखत कुर्ली खाण्याची मुलीला लाज वाटते. – एक वाचक, बडोदे

उत्तर : ही समजूत पूर्ण किनाऱ्यावर आहे आणि माझी आई आजही पौर्णिमेला कुर्ल्या घेत नाही. कुर्ली पोकळ असण्याचे खात्रीचे कारण म्हणजे तिची कात. कुर्लीचे कवच तिच्याबरोबर वाढत नाही, म्हणून ती जुने कवच टाकून नवे, मोठे कवच धारण करते, आणि त्यानंतर काही दिवस त्या मोठ्या कवचात मांस थोडे आणि पाणी जास्त असते. अशी कुर्ली कोणत्याही तिथीला जाळ्यात येऊ शकते. त्यामुळे पंचांगापेक्षा हातावर विश्वास ठेवावा. सारख्या आकाराच्या दोन कुर्ल्या उचलून पाहाव्यात आणि जी जड लागेल ती घ्यावी. पोटाकडचे कवच अंगठ्याने दाबल्यावर खाली जात असेल तर ती सोडून द्यावी. हॉटेलात हे करू देत नसतील तर पौर्णिमेला तिसऱ्यांचे सुके मागवावे. त्यातही शिजल्यावर जी शिंपली उघडलेली नसेल ती जबरदस्तीने उघडून खाऊ नये.

मुलीला सांगावे की कुर्ली चमच्याने खाणारा माणूसच मालवणात सर्वांच्या नजरेत भरतो. नांग्या दातांनी फोडण्याचा आग्रह मी धरणार नाही. वाढप्याकडे मागितल्यास बहुतेक ठिकाणी वरवंटा किंवा अडकित्त्यासारखा चिमटा मिळतो, आणि तो मागताना ‘नांग्या आतूनच ठेचून आणा’ असे सांगितले तर रस्सा आत मुरतो व टेबलावरचे निम्मे काम कमी होते. पांढरा सदरा मात्र त्या दिवशी घालू नये.